बावीस घरचं पाणी

सयाजीनाना कधी खाली बसलेत, असं आमच्या मळ्यात फारसं कुणी पाहिलेलं नाही. चहा उभ्यानं, भाकरी उभ्यानं. लग्नात पंगत बसली की हे वाढप्यांच्या मागं येरझाऱ्या घालणार. एकदा नारायणगावच्या दातांच्या डॉक्टरनं त्यांना खुर्चीत बसवलं, तर हे तोंडातला कापूस सांभाळत उठले आणि "यष्टी गेली का बघून येतो" म्हणून जे निघाले ते थेट घरी आले. पायाला भिंगरी म्हणतात ती नानांना जन्मतःच होती.

नाना माझे चुलत सासरे. मी कळंबची, नव्व्याण्णव साली लग्न होऊन बोरी बुद्रुकला आले. गावापासून दीड किलोमीटरवर आमचा मळा, त्यात भावकीची बावीस घरं. नवरा, आदेश, चाकणला कंपनीत. शनिवारी यायचा, सोमवारी जायचा. घरी मी आणि सासूबाई, सारजाबाई. शेजारचं घर नानांचं आणि त्यांच्या बायकोचं, अंबाबाईंचं.

नानांशी मी बोलत नव्हते. भांडण नव्हतं, रीत होती. सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि काही सांगायचं असेल तर ते तिसऱ्याला सांगायचं. नाना दोन हातांच्या अंतरावर उभे असताना मी सासूबाईंना म्हणायची, "आत्या, नानांना म्हणावं चहा झालाय." आणि नाना सासूबाईंना सांगायचे, "तिला म्हणावं, अर्धाच दे." मी बारावी पास होते, कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस घेतलेलं होतं. पण रीत म्हटल्यावर बक्षीस ट्रंकेत.

नानांकडे बंदूक होती. ठासणीची. त्यांच्या वडलांना, चिमाजींना, शेतीसंरक्षणाचा परवाना मिळाला होता, तो पुढं नानांच्या नावावर झाला. नळीत वरून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे टाकायचे, गजानं ठासायचं. मग मागं घोड्याखाली एक बारीक टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी पडते, बार उडतो. एकदा ठासलेली बंदूक रिकामी करायची तर उडवायची, नाहीतर जुन्नरला सलीमभाईंकडे न्यायची. त्यांच्या तीन पिढ्या बंदुका दुरुस्त करत आल्या. भुईमुगात रानडुकरं शिरायची त्या काळातली ही बंदूक. पुढं कालव्याचं पाणी आलं, भुईमूग गेला, ऊस आला आणि बंदूक आढ्याला लटकत राहिली.

मग उसात वाघ आला. बिबट्या हा शब्द वनखात्याचा आणि पेपरवाल्यांचा, आमच्याकडे वाघच. दोन हजार एकच्या दिवाळीपर्यंत त्यानं मळ्यातली चार कुत्री, कुंडलिकभाऊंची कालवड आणि दोन शेळ्या नेल्या. पलीकडच्या मळ्यात एका बाईला खुरपताना मागून धरलं. ती वाचली, पण मानेवरच्या खुणा दाखवत फिरायची.

खरी पंचाईत दुधाची होती. डेअरी गावात, साडेसहाला बंद. म्हणजे झुंजूमुंजू व्हायच्या आत किटल्या घेऊन निघायचं, आणि वाट दोन्हीकडच्या उसातून. एक दिवस कुणीच निघेना. तेव्हा नानांनी बंदूक खाली काढली, पुसली, ठासली आणि म्हणाले, "मी पुढं चालतो. माज्या मागं या." त्या दिवसापासून रोज पहाटे नाना पुढं आणि मागं पंधरा-वीस माणसं किटल्या घेऊन. वाघाला मारायला कायद्यानं बंदी आहे, हे नानांना पक्कं माहीत होतं. "जमिनीकडं बार काढायचा, आवाजानं पळतंय," असं ते सांगायचे. नानांच्या भिंगरीला शेवटी काम मिळालं, असं सासूबाई म्हणायच्या.

नानांनी एक शिस्त घातली: वाटेनं कुणी बोलायचं नाही. बोललं तर उसातली हालचाल ऐकू येत नाही. खोकायचं नाही, किटली वाजवायची नाही, विडीसुद्धा नाही. सगळ्यांनी ऐकलं. आणि इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

आता स्पष्टच लिहिते. तेव्हा मळ्यात एकाही घराला संडास नव्हता. बायका उजाडायच्या आत तांब्या घेऊन वाटेकडेच्या उसाच्या आडोशाला जायच्या. आणि आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक समज होती की त्या वेळी वाटेनं जाणारा पुरुष लांबूनच खाकरणार. एकदा खाकरला की बाई उठून पाठ फिरवून उभी राहणार, तो खाली मान घालून पुढं जाणार. कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. नानांनी खोकणं बंद केलं तेव्हा हे खाकरणंही बंद झालं, आणि बावीस घरांतल्या एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

वाघ आल्यापासून आम्ही बायका जोडीनं जायचो. दोन हजार दोनच्या जानेवारीत एका पहाटे माझं पोट बिघडलं. सासूबाई तापानं पडलेल्या. थांबायला वेळ नव्हता. हाताला आला तो स्टीलचा तांब्या उचलला आणि एकटी गेले. धुकं होतं. मी बसले, आणि थोड्या वेळानं पावलं वाजली. खाकरणं नाही, बोलणं नाही, नुसती पावलं. मी अर्धवट उठले, तर वीस-पंचवीस पावलांवर नाना. मला नाना दिसले, त्यांना मी दिसले नाही. लाजेनं मी पुन्हा खाली बसले. तेवढ्यानं पाचट वाजलं, ऊस हलला.

बार झाला.

डाव्या पोटरीत कुणीतरी तापलेला विळा लावल्यागत झालं. तांब्या हातातून उडाला. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि हूं की चूं केलं नाही. वाटेवर एकच गलका झाला, "वाघ! वाघ!" किटल्या सांडत सगळे गावाकडं पळाले, नानांना ओढत. मी उसाच्या सरीतून वाकून दुसऱ्या बाजूनं घरी आले. दोन छर्रे लागले होते. एक कातडीखालीच होता, तो मी पिनेनं काढला. दुसरा आत गेला होता, तो अजून आहे. थंडीत दुखतो. हळद दाबली, फडकं बांधलं, सासूबाईंना सांगितलं की उसाची खोडकी घुसली.

डेअरीवर मात्र नानांची मिरवणूकच निघाली म्हणे. सयाजीनानांनी वाघ पिटाळला! कुणी चहा पाजला, कुणी नारळ दिला. मी घरात दात-ओठ खात पडले होते. वाघ तापानं फणफणला होता आणि सासूबाई स्वतःच्या तापातून उठून त्याला भाताची पेज देत होत्या.

पुढचं मला नंतर कळलं. ऊन पडल्यावर नाना माग काढायला एकटेच गेले. वाघाचं एकही पाऊल नाही. पाचटावर रक्ताचे थेंब, आणि पोचे आलेला एक तांब्या. नानांनी तांब्या उपरण्यात गुंडाळला, कडब्याच्या गंजीत लपवला आणि कुणाला काही बोलले नाहीत.

भांड्यावर नाव असतंच. या तांब्यावरही होतं: "सयाजी चिमाजी, बोरी, १९९७". नानांचंच! थोरल्या लेकीच्या लग्नात त्यांनी भावकीच्या बावीसही घरांना तसला एकेक तांब्या दिला होता, हौसेनं नाव घालून. आता त्यांना शोधायचं होतं की यातला कोणत्या घरचा तांब्या कमी आहे. आणि विचारायचं तर कसं विचारायचं?

नाना पाणी मागायला लागले. सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या घरी. "जरा पाणी द्या, राव." आपल्याकडे आल्यागेल्याला पाणी तांब्यातूनच देतात. नाना तांब्या हातात घेऊन फिरवायचे, नाव वाचायचे, घटाघटा प्यायचे आणि देणारीच्या पायांकडं बघत निघायचे. एखाद्या घरी दुसराच तांब्या आला तर परत संध्याकाळी त्याच घरी. मळ्यात बोभाटा झाला की नानाला साखर झाली. कुंडलिकभाऊंनी तर कारल्याचा रस आणून दिला. नानांनी तोही उभ्यानं पिऊन टाकला.

आमच्याकडे आले तेव्हा सासूबाईंनी पाणी दिलं. आमच्या घरात तसले दोन तांबे होते, एक आमचा आणि एक आजेसासूबाईंना वेगळा मिळालेला, त्या गेल्यावर वाटणीत आलेला. त्यातला राहिलेला सासूबाईंनी पुढं केला. नानांनी नाव वाचलं. मी चुलीपासून पाण्याच्या हंड्यापर्यंत सरळ चालत गेले, त्यांच्या डोळ्यांसमोर, पोटरीतून कळ मस्तकात जात असताना. मान वर केली नाही. नाना निघून गेले. बावीसपैकी बावीस घरचे तांबे जागेवर होते, असं त्यांच्या हिशेबानं ठरलं.

तुम्ही म्हणाल, तोंडात मूग धरले होते काय? धरले होते. कुणाला काय सांगणार? सासूबाईंना सांगितलं असतं तर अंबाबाईंना, अंबाबाईंना म्हणजे मळ्याला. "आदेशच्या बायकोला नानानं बघितलं तसल्या वेळी," एवढंच लोकांनी लक्षात ठेवलं असतं; छर्रा विसरले असते. वर पोलीस केस, बंदूक जप्त, दूध बंद, आणि त्याचंही खापर माझ्यावर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. आणि खोटं कशाला बोलू, मला राग होता. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं हिरो व्हायला, आता फिरा तांबे हुंगत, असं मी मनात म्हणायची. नाना वाळत चालले होते तरी म्हणायची.

ते वाळतच गेले. पूर्वी नुसते फिरायचे, आता कुठंतरी निघून मधेच परत यायचे, गोठ्यात जाऊन काय आणायला आलो ते विसरायचे. पहाटेची फेरी मात्र चुकली नाही; बंदूक त्यांनी सगळ्यांसमोर पुन्हा ठासली होती. लोक चुकवू देईनात. उसाच्या प्रत्येक फडापाशी ते ओरडायला लागले, "कोण हाय का आत? बोला!" मागची माणसं हसायची. त्यांनी घातलेली मुकेपणाची शिस्त त्यांनीच मोडली आणि कारण कुणाला सांगितलं नाही. त्यांचा आवाज ऐकला की मी दारामागं थांबायची. सांगून टाकावं, असं दहादा वाटलं. दहाही वेळा पदर पुढं ओढला.

नोव्हेंबरात ऊसतोडीची टोळी आली. गेल्या जानेवारीतही टोळीची पालं आमच्या वाटेच्या तोंडाशीच होती, आणि बार झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती दुसऱ्या गावाला हलली होती. नानांच्या डोक्यात हे कधीपासून घोळत होतं. लग्नात बावीसवर दोन-चार जादा तांबे वाटले होते, त्यातलाच एखादा कुणीतरी टोळीतल्या बाईला दिला असेल, तिलाच लागलं असेल. त्यांनी मुकादमाला गाठून विचारलं, गेल्या सालच्या सगळ्या बाया आल्यात का?

"एक न्हाई आली," मुकादम म्हणाला. "वारली बिचारी उन्हाळ्यात. पायाला सूज व्हती म्हणं."

झालं. नानांनी त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला अंबाबाई रडत आमच्या ओट्यावर आल्या. "सारजे, ह्यांना आडवा कुणीतरी. बंदूक घिऊन जुन्नरला चाललेत. सलीमकडनं रिकामी करून ठाण्यात जमा करतो म्हणत्यात, अन् मी एक बाई मारली म्हणून लिवून देतो म्हणत्यात. येड लागलंय ह्यांना!"

सासूबाई "अगं बाई" म्हणून डोक्याला हात लावून बसल्या. मी पायात चप्पल घातली. सासूबाईंनी विचारलं, कुठं? मी म्हणाले, जुन्नरला. एवढंच. त्यांनी मला त्याआधी असं उत्तर देताना पाहिलेलं नव्हतं.

फाट्यावर यष्टी उभीच होती. नाना पुढच्या दाराशी दांडा धरून उभे, काखेत घोंगडीत गुंडाळलेली बंदूक. जागा होती तरी बसले नव्हते. मी त्यांच्या मागच्या सीटवर बसले. त्यांनी मला पाहिलं, रीतीप्रमाणे तोंड फिरवलं. कंडक्टर म्हणाला, "पावणं, घोंगडीत काय?" नाना म्हणाले, "गज." नारायणगावला गाडी बदलली. सारा वेळ मी शब्द जुळवत होते. "नाना, मला जरा बोलायचंय." "नाना, ती बाई मेली न्हाई." वक्तृत्वाचं बक्षीस घेतलेली मी, जुन्नर येईपर्यंत एक वाक्य बाहेर काढू शकले नाही. घोंगडीतली नळी दर खड्ड्याला माझ्या गुडघ्याकडं वळत होती आणि आत ठासलेले छर्रे आहेत, हे या गाडीत आम्हा दोघांनाच माहीत होतं.

सलीमभाईंचं दुकान म्हणजे एक पायरी, एक ऐरण आणि भिंतीवर टांगलेली हत्यारं. नाना आत गेले, मी पायरीशी थांबले. सलीमभाईंनी घोंगडी सोडली, घोडा वर करून बघितला आणि भुवया उंचावल्या.

"नाना, हिला टोपीच न्हाई."

"न्हाई."

"कवापासनं?"

"जानेवारीपासनं."

"म्हंजे सालभर तुमी ही अशीच घिऊन लोकांच्या पुढं चालला? हिच्यातनं बार कसा निघल? काठी बरी हिच्यापेक्षा."

सलीमभाईंनी टोकाला मळसूत्र असलेला गज नळीत घातला, फिरवत फिरवत चिंधी ओढून काढली. मग बंदूक उलटी धरून ठोकली. दारूचा ओला गोळा पडला आणि छर्रे कागदावर घरंगळले. तसलाच एक माझ्या पोटरीत होता. मी पायरीचा दगड धरला.

"सलीम," नाना म्हणाले, "माज्या हातनं एक बाई मेली. ऊसतोडीची. आता ठाण्यात जाऊन सांगणार हाय. अंबीकडं लक्ष ठीव."

सलीमभाईंच्या हातातला गज तसाच राहिला. आणि माझं तोंड उघडलं. समोर तिसरं माणूस होतं, त्याला सांगता आलं असतं, रीत पाळता आली असती. मी नानांकडंच बघून बोलले.

"नाना, ती बाई मी हाय."

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. माझा आवाजच त्यांना ओळखीचा नव्हता. मी पुन्हा सांगितलं. पोट बिघडलं होतं, एकटी गेले होते, तांब्या आमच्या घरचा, आमच्यात दोन होते. मी पायरीवर पाऊल टेकवलं आणि लुगडं वीतभर वर करून पोटरी दाखवली. सलीमभाईंनी मान फिरवली. नाना बघत राहिले. दोन डाग, एक विझलेला आणि एक निळा.

मग ते भडकले. असे भडकलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "अकरा महिनं! अगं अकरा महिनं मला जाळलंस तू! बावीस घरचं पाणी पिलो मी! कारली पिलो! रोज ती बाई माज्या डोळ्यांम्होरं मरत व्हती अन् तू भिताडापल्याड भाकरी थापीत व्हतीस?" रस्त्यावरची माणसं थांबली. मीही काही ऐकून घेतलं नाही. "अन् मला काय हौस व्हती? तुमीच सगळ्यांची तोंडं बंद केली. एक माणूस खाकरलं असतं तर मी उठून हुबी ऱ्हायले असते!" सासऱ्याला असं बोललेली सून मळ्यात दुसरी नसेल. बोलताना मला रडूही येत होतं आणि हलकंही वाटत होतं.

सलीमभाईंनी आमच्या दोघांच्या मधे पाण्याचा गडू ठेवला. "आता ठाण्यात काय सांगणार, नाना?"

"बंदूक जमा करणार," नाना म्हणाले. "बाकी ही म्हणंल तसं."

"माजं नाव कुठं लिवायचं न्हाई," मी म्हणाले. "अन् परत हिच्यामागनं आमाला न्यायचं न्हाई."

नानांनी मान हलवली. घोंगडीची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग एकदम थांबले. त्यांचा राग गेला होता. तोंडावर दुसरंच काहीतरी आलं होतं.

"पर तू वरडली का न्हाईस? लागल्यावर?"

"तुमी व्हता म्हणून. मी तशी बसलेली, म्होरं तुमी. कशी वरडू?"

नानांनी घोंगडी पायरीवर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "अन् वाघानं धरलं असतं तर? तवाबी म्होरं मीच असतो. तर वरडली असतीस का?"

हो म्हणायला हवं होतं. त्यांना बरं वाटावं म्हणून तरी म्हणायला हवं होतं. मी तोंड उघडलं, तो बोळा तोंडात कोंबलेला मला आठवला, आणि हो काही निघेना.

"म्हाईत न्हाई, नाना," मी म्हणाले.